बचतराव आणि शून्य रुपये तास

बचतराव डोंबिवलीत राहतात, ठाण्यात राहतात, पुण्यात तर पेठेगणिक एक सापडतात. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने फरसबीचा भाव पाच रुपयांनी चढवला की डोंबिवलीचे बचतराव पिशवी उचलून थेट दादर गाठतात. प्रवासखर्चाचं विचारलंत तर ‘पास आहे ना!’ हे उत्तर तयार असतं. जाण्यायेण्यात गेलेले दोन-अडीच तास मात्र त्यांच्या हिशेबाच्या वहीत कुठेच सापडत नाहीत. पूर्वी मध्यरात्रीपासून पेट्रोल महागणार अशी बातमी आली की ते ताटावरून उठून पंपावरच्या रांगेत उभे राहत आणि साडेअकराला गड जिंकल्यासारखे घरी परतत. 16 जून 2017 पासून देशभर इंधनाचे दर रोज बदलू लागले आणि त्यांच्या पंचांगातला एक सणच गेला.

त्यांना कंजूष म्हणणं अन्यायाचं होईल. हेच बचतराव फ्रीज घेताना ‘दोनशे रुपड्यांसाठी कोण हिंडतो!’ म्हणून पहिल्याच दुकानात पैसे मोजून मोकळे होतात. हा विक्षिप्तपणा त्यांच्या एकट्याचा नाही. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1981 साली लोकांना विचारलं होतं, की 5 डॉलर वाचणार असतील तर वीस मिनिटांवरच्या दुकानात जाल का? वस्तू 15 डॉलरची असताना 68 टक्के लोक निघाले. ती 125 डॉलरची म्हटल्यावर 29 टक्केच उरले. डॉलर तेवढेच, मिनिटं तेवढीच. माणूस सवलतीचा टक्का बघतो आणि आपल्या तासाला दर लावायचं विसरतो. पुढे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हँकुव्हरच्या नोकरदारांना 40 डॉलर देऊन एकदा वस्तू घ्यायला आणि एकदा वेळ वाचवणारी सेवा घ्यायला सांगितलं, तेव्हा वेळ विकत घेतल्याच्या दिवशी ती मंडळी अधिक खुशीत आढळली. बचतरावांना हे ऐकवलं तर ते आधी विचारतील, ‘ते 40 डॉलर कुठे मिळतात?’

यावर कोणी म्हणेल, निवृत्त माणसाला वेळच वेळ; रांगेत चार ओळखी होतात, मन रमतं. रमत असेल तर उत्तमच, फक्त त्याला करमणूक म्हणावं, बचत म्हणू नये. दुसरा आक्षेप जड आहे: ज्याच्या खिशात पैसाच नाही त्याने वेळ कशाने विकत घ्यावा? सार्वजनिक नळावर हंडा लावून बसलेल्या बाईला वेळेची महती सांगणं हा निव्वळ उद्धटपणा. तिच्यापुढे दुसरा मार्ग नाही. बचतरावांना पेन्शन आहे. आणि तरीही ‘घरात माणसं दोनच’ म्हणून त्यांनी भांडीवाली बंद केली. 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी 299 मिनिटं भरली, पुरुषांची 97. सिंकपाशी वाढलेली त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, मिनिटं बचतरावांच्या वहीत पगार वाचल्याची नोंद होऊन जमेला बसतात. स्वतःचे तास त्यांनी हवे तसे उधळावेत, पण हे तास त्यांचे नाहीत. तेव्हा बचतराव, भांडीवालीला परत बोलवा, नाहीतर आजपासून रात्रीची भांडी तुम्ही घासा.