कवच महाग, फडकं कोरडं

नव्या गाडीवर हजारो रुपये मोजून सिरॅमिक कोटिंग चढवायचं आणि दुसऱ्याच सकाळी गाडी पुसणाऱ्याच्या हाती कोरडं फडकं द्यायचं, ही आपल्या सोसायट्यांची रीतच झाली आहे. रंगावरचा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. कोटिंगचा थर त्याहून कितीतरी पातळ. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते फडक्याखाली गोल गोल फिरले की उन्हात काळ्या बॉनेटवर कोळ्याचं जाळं उमटतं. मग पॉलिश, म्हणजे ओरखडे घालवायला क्लिअर कोटच घासायचा!

‘पण कोटिंग नाइन एच आहे,’ असं कोणी म्हणेल. हा आकडा पेन्सिलीने ओरखडा उठतो का, या चाचणीतला. वाळू पेन्सिल वापरत नाही. ‘रोज पुसलं नाही तर शेजारी काय म्हणतील?’ हा आक्षेप मात्र वजनदार आहे. नुसत्या बसलेल्या धुळीने रंगाचं फारसं बिघडत नाही, इभ्रतीचं बिघडतं. कबुतराची विष्ठा तेवढी लगेच भिजवून काढा. बाकी आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, शाम्पू, स्वच्छ मायक्रोफायबर. आणि उरलेले सहा दिवस पुसणाऱ्याला भरपगारी सुट्टी द्या.