आठची की साडेआठची?

यंत्रांच्या राज्यात एक नियम काटेकोर पाळला जातो. काम बंद पाडण्याचा अधिकार सर्वांत स्वस्त भागाकडे असतो. एस्प्रेसोच्या मशीनचंच घ्या. आत तांब्याचा किंवा पितळेचा बॉयलर, पुढे भरीव पितळेचं जड डोकं, खाली गुरगुरणारा पंप. ही थोर मंडळी वर्षानुवर्षं निमूट राबतात. आणि एके सकाळी हँडलच्या कडेनं कॉफी ओघळायला लागते, कारण डोक्याच्या खोबणीत बसलेली रबराची रिंग कडक झालेली असते. मशीन घेताना बिलावर तिचा उल्लेखही नव्हता. आता अख्खं मशीन तिच्या मर्जीवर.

अर्थात रिंगची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. बारीक दळून, दाबून बसवलेल्या कॉफीतून तापलेलं पाणी जोरानं ढकलायचं आणि पंचवीस-तीस सेकंदांत कपाच्या तळाशी घोटभर अर्क उतरवायचा, याचं नाव एस्प्रेसो. हा जोर साधारण ९ बारचा. आपल्या कुकरची शिटी होते ती १ बारच्या आसपास. म्हणजे दाब कुकरच्या नऊपट, पाणी नव्वद अंशांच्या वर, आणि प्रत्येक कपाला हँडल पिळून आवळायचं, पुन्हा सोडायचं. अशा नोकरीत कोणीही कडक होईल. त्याहून पुष्कळ सोप्या नोकऱ्यांत, नुसतं खुर्चीवर बसून कडक झालेली माणसं आपण पाहतोच.

रिंग गेली की घरात जुना वाद नव्यानं निघतो. "फिल्टर काय वाईट होता?" हा प्रश्न बिनतोड आहे. पितळी फिल्टरला दोन भांडी, एक दट्ट्या नि एक झाकण. रास्ता पेठेतल्या दाक्षिणात्य दुकानातून चिकोरी घातलेली ताजी पूड आणावी, गरम पाणी ओतावं, आणि अर्क उतरेपर्यंत पेपर वाचावा. त्यात बिघडण्यासारखं काही नाही, म्हणून त्याला पार्ट नाहीत. पार्ट नाहीत म्हणून दुरुस्तीवाला नाही. आणि दुरुस्तीवाला नाही म्हणून चारचौघांत सांगण्यासारखं काही घडतच नाही. एस्प्रेसोवाल्याचं तसं नसतं. त्याला कॉफी कशी झाली हे विचारलं, तर तो आधी पंपाबद्दल बोलतो.

पुण्यात रबराच्या रिंगसाठी माणूस घराबाहेर पडला, की पाय आपोआप रविवार पेठेतल्या बोहरी आळीकडे वळतात. कड्या, कोयंडे, पाइप, पट्टे, साखळ्या, दोरखंड, आणि खिळ्यावर माळेसारख्या टांगलेल्या काळ्या वायसरी. या दुकानांत वस्तूच्या नावाला किंमत नाही. तुम्ही इंटरनेटवर वाचून कितीही शुद्ध नाव सांगा, समोरून एकच प्रश्न येतो.

"सँपल आणलंय?"

मी जुनी रिंग काउंटरवर ठेवली. शेठनी ती जरा वाकवून पाहिली, तर तिचे दोन तुकडे झाले.

"गेलीय," ते म्हणाले. निदान अचूक होतं. "कशाची?"

"कॉफीच्या मशीनची."

"लग्नातल्या?"

हा प्रश्न अज्ञानातून आलेला नव्हता. महाराष्ट्रातल्या निदान दोन पिढ्यांना एस्प्रेसो पहिल्यांदा भेटली ती कार्यालयात, थंडीतल्या रिसेप्शनला, आइस्क्रीमच्या शेजारच्या काउंटरवर. उभा, चकचकीत बॉयलर, त्यावर दाबाचा काटा, बाजूला वाफेची नळी. मगात दूध, साखर नि इन्स्टंट कॉफी. नळी आत बुडवली की मंगलाष्टकंही ऐकू येऊ नयेत असा आवाज, आणि मग फेसावर कोको पावडरीचा शिडकावा. कॉफीच्या पुडीतून दाबानं पाणी ढकलण्याचा प्रकार यात कुठेच नाही. एखाद्या मिलानकराला हे एस्प्रेसो म्हणून दिलं, तर तो मुकाट्यानं आहेर देऊन निघून जाईल. पण त्या मशीनची एक गोष्ट मिलानच्या मशीनला जमलेली नाही. त्याचा काटा, त्याचा व्हॉल्व्ह, त्याची मूठ, सगळं इथं मिळतं. शेठनी तत्परतेनं त्याचीच रिंग काढून दिली. ती माझ्या मशीनला चांगली दोन बोटं मोठी होती.

मला हवी होती ती बाहेरून ७३ मिलिमीटर, आतून ५७. जाडी मात्र काही मशीनांना ८ लागते, काहींना ८.५. हा अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, हे ज्याला कळलं त्याच्या मनःशांतीचा शेवट झाला असं समजावं. रिंग जाड झाली की हँडल मधोमध येण्याआधीच डावीकडे अडून बसतं. पातळ झाली, झिजली, की आवळता आवळता पार उजवीकडे निघून जातं. हँडल कुठे थांबतं यावरून जाणकार माणूस रिंगचं वय सांगतो. शेठ म्हणाले, "अर्धा एमएम ना? दाबलं की बसतं." आपल्या देशातल्या निम्म्या दुरुस्त्या या एका वाक्यावर उभ्या आहेत, आणि बऱ्याचशा टिकल्याही आहेत.

ही मापं आकाशातून पडलेली नाहीत, पण आकाशाचा थोडा संबंध आहे. १५ फेब्रुवारी १९६१ ला दक्षिण युरोपातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. त्याच वर्षी मिलानच्या फाएमा कंपनीनं नवं मशीन काढलं आणि ग्रहणाची आठवण म्हणून त्याचं नाव ठेवलं ई-६१. आपल्याकडे ग्रहणात पाणी पीत नाहीत. त्या लोकांनी ग्रहणावरून कॉफीच्या मशीनचं बारसं केलं. पुण्यात १९६१ म्हटलं की १२ जुलै आणि पानशेतचा पूर. त्या सालाशेजारी दुसरी आठवण उभी राहूच शकत नाही, त्यामुळे तेव्हा मिलानमध्ये काय चाललं होतं याची चौकशी इथं कोणी केली नाही, हे योग्यच झालं.

त्याआधी साठ वर्षं इटलीत हा खटाटोप सुरूच होता. १९०१ मध्ये लुइजी बेझेरा यांनी वाफेच्या दाबावर एकेक कप झटपट करणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं. वाफेचा जोर अपुरा आणि कॉफी जळकी लागे. १९४८ मध्ये अकिले गाज्जांच्या मशीनला स्प्रिंग बसवलेला दांडा आला. तो ओढून सोडला की स्प्रिंग पाण्याला ढकलायची आणि कपावर सायीसारखा दाट फेस यायचा. कॉफी उत्तम, पण दिवस मावळेपर्यंत कॉफीवाल्याचा खांदा निखळायचा. ई-६१ नं दांड्याचं काम विजेच्या पंपाला दिलं. त्या मशीनचं पितळी डोकं इतकं सुटसुटीत होतं, की पुढे इतर कारखान्यांनीही तेच उचललं. म्हणून साठ वर्षांपूर्वीच्या त्या डोक्याची रिंग आज दुकानातून निघालेल्या कित्येक मशीनांना बसते.

यात मला मोठा बोध दिसतो. शोध लावणाऱ्याचा गौरव पुतळा उभारून होतो, पेटंटनं होतो. यंत्राचा गौरव मात्र नकलेनं होतो. ज्याची कोणी नक्कल केली नाही त्या यंत्राचे पार्ट कारखान्याबरोबरच संपतात. ज्याची सगळ्यांनी केली ते अमर होतं.

आणि इटालियन यंत्रांची पुण्याला मुळीच नवलाई नाही. व्हेस्पा इटलीत आली १९४६ मध्ये. बजाजनं ती १९६० च्या दशकात पियाज्जोच्या परवान्यावर इथं बनवली, १९७१ मध्ये करार संपला, आणि १९७२ पासून तीच मूळ घडण घेऊन चेतक रस्त्यावर आली. आकुर्डीतून निघालेली ही स्कूटर सुरू होईना की एका अंगावर तिरकी करून, मग किक मारायची. हा विधी कुठल्याही पुस्तिकेत नव्हता, तरी बँकेतल्या कारकुनापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना येत होता. तिची क्लच वायर तुटली, तर नाना पेठेत कोणत्याही दुकानासमोर उभं राहून नुसतं "चेतक" म्हणायचं. आतून प्रतिप्रश्न यायचा, "ओरिजिनल का लोकल?" या प्रश्नानंतर ती स्कूटर इटलीची उरलेलीच नव्हती. परकी वस्तू आपण वापरायला लागलो म्हणून आपली होत नाही. तिच्या जाहिराती मराठीत आल्या म्हणूनही होत नाही. तिचा लोकल पार्ट आपल्या पेठेत मिळू लागला की ती आपली झाली, मग तिचं जन्मगाव कुठलंही असो.

या कसोटीवर पुण्यातली एस्प्रेसो अजून भाड्याच्या घरात राहते. कोरेगाव पार्कापासून बाणेरपर्यंत कॅफे झाले, मुलं कपावरच्या फेसाची जात ओळखू लागली. पण पंप गेला की कॅफेचा मालक बंगळुरूला फोन लावतो आणि पार्सलची वाट बघतो. तोवर काउंटरवर पाटी असते, 'आज फक्त कोल्ड कॉफी'.

रिंगपेक्षा ग्राइंडरचं दुखणं अधिक खोल आहे. ग्राइंडरमध्ये पोलादी दात्यांच्या दोन चकत्या समोरासमोर असतात, त्यांच्यातल्या फटीतून बी भरडत जाते. रिंग बिचारी गळून तरी सांगते. दाते झिजले तर काही बोलत नाहीत. पूड कुठे भुकटी, कुठे कणी अशी निघते, आणि एकाच घोटात कॉफी कडूही लागते, आंबटही. मालक आधी बियांना दोष देतो, मग भाजणाऱ्याला, मग चिकमगळूरच्या पावसाला. दात्यांवर संशय सर्वांत शेवटी जातो, कारण ते पोलादाचे असतात आणि पोलादाविषयी आपल्याला आदर असतो. कधी कधी झिजेपर्यंत थांबावंही लागत नाही. उन्हात पसरून वाळवलेल्या बियांबरोबर एखादा खडा आला, की दात्याचा टवका उडतो. आमच्या आईला हे सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "निवडून घेतली नव्हतीस?"

जात्याची पाळी गुळगुळीत झाली की पूर्वी टाकी लावणारे दारावर यायचे. छिन्नीनं टिचून टिचून दगडाला पुन्हा खरखरीत करून द्यायचे. दळणाच्या गिरणीतल्या दगडांनाही टाकी द्यावी लागते. पोलादी चकत्यांना मात्र टाकी चालत नाही, जोडीच बदलावी लागते. भोसरीतल्या एका लेथवाल्याला हे पटेना. "आणा की, धार मारून देतो," तो म्हणाला. त्याच्या हाताबद्दल शंका नव्हती. पण ते दाते बाहेरच्या कडेला बारीक होत जातात, आणि प्रत्येकाचा उतार ठरलेला असतो. धार लागली असती, उतार गेला असता. तरी त्यानं चकती उजेडात धरून बराच वेळ फिरवून पाहिली. आतून त्याचं गणित सुरू झालेलं दिसत होतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र पुण्यानं या मशीनांवर उपकारच केलेत. खडकवासल्यातून येणारं पाणी तसं मऊ. पेठेतल्या मशीनचा बॉयलर त्यामुळे सुखात राहतो. शहराच्या कडेला, जिथं टँकरवर किंवा बोअरवर सोसायटी चालते, तिथं काळ्या कातळातून आलेलं जड पाणी तापलं की क्षार धरतं. कॉइलवर पांढरा थर चढतो, आणि ज्या भोकातून पाणी यायचं ते बुजतं. फ्लॅट बघायला जाताना लोक पार्किंग विचारतात, वास्तू विचारतात. एस्प्रेसोवाला नळ सोडून चव बघतो. थर चढलाच तर उपाय वाण्याकडे असतो. ढोकळ्यात पडणारं लिंबूसत्व पाण्यात विरघळवून बॉयलरमधून फिरवलं, की आतली बरीच पापं धुऊन निघतात. नंतर मात्र भरपूर साधं पाणी सोडावं. नाहीतर पहिल्या पाहुण्याच्या कपात ढोकळा उतरतो.

माझी रिंग शेवटी पार्सलनं आली. तिच्या किमतीइतकाच तिचा प्रवासखर्च झाला. तिच्याबरोबर एक जास्तीची मागवली होती, ती घेऊन बोहरी आळीत गेलो. शेठनी कॅलिपर लावून मापं घेतली, फळीखालच्या वहीत लिहिली आणि म्हणाले, "सँपल ठेवून जा." मी ठेवून आलो.

पुढे बऱ्याच महिन्यांनी तिकडून जाताना खिळ्यावर नव्या, काळ्याभोर रिंगांची माळ दिसली. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला कुणीतरी साचा बनवला होता.

"कॉफीची रिंग," शेठ म्हणाले. "आठची देऊ का साडेआठची?"

किंमत ऐकून मी सवयीनं म्हणालो, "लोकलला एवढे?"

"राहू द्या मग," ते माळ परत खिळ्यावर अडकवत म्हणाले. "कॅफेवाले न बोलता घेऊन जातात."

एस्प्रेसो पुण्याची झाल्याचा याहून अधिकृत दाखला महानगरपालिकासुद्धा देऊ शकली नसती. मी आठच्या दोन घेतल्या, आणि न बोलता पैसे दिले.