झेंडेवाले काका

अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी मंडळात एक तरी काका असे असतात, की आरतीला ज्यांच्या हातात टाळ नसतो, माइकची वायर असते. न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला असेच एक काका राहतात. वय सत्तरीच्या पुढे, नोकरी जन्मभर टेलिफोनची, बोलणं मोजकं आणि कान सदैव दुसऱ्याच्या बोलण्याकडे. बरं, लोकांच्या भानगडी ऐकायची हौस असती तर समजू शकलो असतो. मंडळात त्यांची ददात नाही. काकांना ऐकायची असतात नेवार्कला उतरणारी विमानं. त्यासाठी त्यांच्याकडे स्कॅनर आहे. वॉकीटॉकीएवढा हा डबा 118 ते 137 मेगाहर्ट्झ या विमानांच्या पट्ट्यात भिरभिरत राहतो आणि कुणी बोललं की तिथं थांबतो.

ऐकायला सरकारची हरकत नाही. लहानपणी रेडिओचं लायसन्स भरायला वडिलांबरोबर पोस्टाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे अजून खरं वाटत नाही. पण इथं सरकारच्या वर एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, असते. घराला रंग कुठला, गवत किती वाढलेलं चालेल, दोरीवर कपडे दिसता कामा नयेत, हे सगळं ती ठरवते. छपरावर एरियल? नाव काढू नका. (काका अजून एरियलच म्हणतात. पितळी जाळीची पट्टी खोलीभर ताणून सिलोन लावणारी ही पिढी.) 1996 सालच्या एका केंद्रीय नियमानं टीव्हीच्या अँटेनाला आणि एक मीटरपर्यंतच्या डिशला अभय दिलं आहे, स्कॅनरला नाही. हे वाचल्यावर दुसरा कुणी गप्प बसला असता. काकांना हुरूप आला.

एरियल त्यांनी घरीच केली, जेवणाच्या टेबलावर, काकूंच्या भाजीच्या सुरीनं. पंचाहत्तरला मेगाहर्ट्झनं भागायचं, की पाव लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. पट्ट्याचा मध्य एकशे साडेसत्तावीस, म्हणून 59 सेंटिमीटर. त्यातून पाच टक्के वजा, राहिले 56. टीव्हीच्या केबलचं काळं साल तेवढं सोलायचं, आतली बारीक तारांची जाळी मोजा उलटा करावा तशी खाली उरलेल्या केबलवर ओढायची आणि मधली तार सरळ वर ठेवायची. झालं. खर्च जवळजवळ शून्य, पण सुरीची धार गेली ती गेलीच.

आधी ती माळ्यावर टांगली. तिथं विमानांऐवजी नुसती खरखर, कारण छताखालच्या थर्माकोलला आतून चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा कागद होता आणि लहरी त्यावर आपटून परत जात होत्या. मग काकांनी कायदे चाळले, आणि 2006 साली बुशसाहेबांनी सही केलेला एक कायदा हाती लागला: घरमालकानं अमेरिकेचा झेंडा लावला, तर एचओएला मनाई करता येत नाही. जागा, वेळ, पद्धत यांबद्दल फार तर वाजवी अटी घालता येतात.

पुढच्या आठवड्यात अंगणात खांब उभा राहिला. फायबरग्लासचा. धातूच्या खांबात आतली तार बहिरी झाली असती. दुकानदारानं अ‍ॅल्युमिनियमचा टिकाऊ म्हणून सुचवला, तेव्हा काका म्हणाले, ‘मला हलकाच बरा, वय झालं.’ अख्ख्या प्रकरणात ते खोटं बोलले ते एवढंच.

हेरगिरीचं सुख काही वेगळंच असावं, पण देशभक्तीची किंमत मोजावी लागते. समोर एक निवृत्त सैनिक राहतात. त्यांनी दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं, की झेंडा सूर्यास्ताला उतरवायचा, नाहीतर रात्रभर त्याच्यावर दिवा हवा. काकांनी दिवा बसवला. पावसात साधा झेंडा चालत नाही. काकांनी पावसाळी झेंडा आणला. सैनिक रोज फिरायला जाताना खांबाला सलाम करतात, आणि खिडकीतून कानाला इअरफोन लावलेले काका तो स्वीकारतात. एचओएनं आभाराचं पत्र पाठवलं, ते फ्रिजवर लावलेलं आहे.

आणि ऐकू काय येतं? अर्धा संवाद. विमान उंचावर असतं, त्यामुळे वैमानिक स्वच्छ ऐकू येतो. टॉवर पडला जमिनीवर, तो क्षितिजाआड. उत्तरं मिळतात, प्रश्न काका स्वतःच तयार करतात. मुलानं दाखवून दिलं, की हे सगळं फोनवर फुकट ऐकायला मिळतं, दोन्ही बाजूंचं. काका म्हणाले, ‘ते काय, सगळ्यांनाच ऐकू येतं.’

गेल्या हिवाळ्यात काकू मुंबईहून परतल्या. काका दुपारपासून स्कॅनरला चिकटून. विमान पट्ट्यात आलं, वैमानिकानं उतरण्याची परवानगी परत म्हणून दाखवली, काकांनी वहीत वेळ टिपली आणि समाधानानं पुढच्या विमानाची वाट पाहत बसले. काकू टर्मिनल बीच्या दारात दोन बॅगा आणि लोणच्याची बरणी घेऊन उभ्या. फोन करावा तर काकांचे कान भरलेले. शेवटी टॅक्सी करून आल्या. काकांनी लगबगीनं दार उघडलं.

‘अगं, तुझं लँडिंग काय स्वच्छ ऐकू आलं म्हणून सांगू!’

काकूंनी बॅगा आत ओढल्या.

‘अहो, तो झेंडा तेवढा अर्ध्यावर आणून ठेवा,’ त्या म्हणाल्या.