रिकाम्या चौकटींची तजवीज

नगरच्या किल्ल्याजवळची दमडी मशीद 16व्या शतकापासून पाषाणातली नाजूक वेलबुट्टी अंगावर मिरवीत उभी असली, तरी तिच्याकडे मान वळविण्याची तसदी आम्ही नगरकर सहसा घेत नाही. परंतु चित्रकलेचा एखादा विद्यार्थी समोर इझल मांडून बसला, की मशिदीकडे यथासांग पाठ करून त्याच्या ओल्या कागदावर झुकत ‘हुबेहूब उतरली!’ असा अभिप्राय देण्यास आमची झुंबड उडते. (अस्सल न पाहता नकलेवर शिक्का मारण्याची ही विद्या आम्ही बहुधा कचेऱ्यांतूनच उचलली असावी.) बरे, इथल्याच निजामशाहीची अस्सल चित्रे पाहू म्हटले, तर ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ची सचित्र पोथी पुण्यास, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या दप्तरी!

सबब आमची नम्र तजवीज अशी, की माळीवाड्यापासून कापडबाजारापर्यंत जागोजागी सोनेरी वर्खाच्या रिकाम्या चौकटी सरकारी खर्चाने टांगाव्यात, म्हणजे चहावाल्याची पोचे आलेली किटली, विजेच्या तारांचा गुंता आणि भिंतीवरच्या जुन्या जाहिरातीचे उडालेले रंग यांतील सौंदर्य रयतेच्या ध्यानी येईल. चौकटी पहिल्याच रात्री चोरीस जातील, ही हरकत आम्हांस मंजूर आहे. मात्र पंचनाम्यापुरता का होईना, एखादा हवालदार तरी त्या भिंतीकडे निरखून पाहील.