एकटा मी आणि अख्खा सातारा जिल्हा

एकट्याने लांबच्या प्रवासाला निघावं, म्हणजे माणसाला स्वतःची भेट घडते, असं हल्ली जो तो सांगतो. ज्यांना ही भेट टाळायची असेल त्यांनी खुशाल जुन्या फियाटमधून निघावं. पुणे ते कोल्हापूर या प्रवासात मला सगळे भेटले. स्वतःला भेटायला सवड झाली नाही.

माझी गाडी १९७४ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटला 'पद्मिनी' हे नाव मिळालं ते त्याच वर्षी. १०८९ सीसीचं इंजिन, गियर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि एसी म्हणजे पुढच्या दारातली त्रिकोणी काच. २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नाशी उलटलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अशी अक्षरंही मिळतात. मात्र मग ती रोजच्या वापराला काढायची नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणायची. आमची गाडी तशी नोंदवलेली नाही, तरी पेट्रोल आणि दुरुस्ती या दोन कलमांबाहेर ती सहसा जात नाही.

"एकटेच जाणार?" बायकोने विचारलं. "आणि धक्का कोण मारणार?"

प्रश्न बिनतोड होता. गाडी एकट्याला चालवता येते; धक्का मारायला समाज लागतो. म्हणून मी ती नेहमी उतारावर, तोंड खाली करून उभी करतो. माणसाने होता होईल तो स्वावलंबी असावं.

टोलनाक्यावर फास्टॅग वाचला गेला, दांडा वर झाला, पण केबिनमधला मुलगा बाहेर येऊन गाडीपुढे उभा राहिला. "काका, विकायची का? आमच्या मामांकडं होती." मागे हॉर्नचा कल्लोळ. पुढे पेट्रोल पंपावर मामा, चहाच्या टपरीवर मामा. फियाट दिसली की मराठी माणसाला मामा आठवतो. त्या काळी पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघावी लागे. मग एवढ्या मामांचे नंबर लागले तरी कधी?

मी गेलो तेव्हा खंबाटकीला साताऱ्याकडे जाणाऱ्यांच्या वाट्याला घाट होता आणि पुण्याकडे येणाऱ्यांच्या वाट्याला बोगदा. मे महिना, भर दुपार. अर्ध्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. यात तिचा दोष नाही. इंजिनाच्या धगीने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला ओढायला पेट्रोलच उरत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. पण हे सांगायची संधी मला कुणी देईना. बॉनेट उघडल्याबरोबर चहूबाजूंनी तज्ज्ञ जमले.

"पॉइंट घासा."

"काँडेन्सर गेला."

"साहेब, पेट्रोल हाय ना?"

तेवढ्यात एका टेम्पोतून पांढऱ्या मिशांचे एक आजोबा उतरले. कुणाशी काही न बोलता त्यांनी खांद्यावरचा टॉवेल बाटलीतल्या पाण्याने भिजवला, पिळला आणि नेमका पेट्रोल पंपावर गुंडाळला. टॉवेलमधून बारीक वाफ निघाली. "तापलीया ती. दम खाऊ द्या. आन् तुमी बी सावलीला बसा."

आजोबा मूळ पाटणकडचे, उभं आयुष्य मुंबईत टॅक्सी चालवलेली. तीही पद्मिनीच. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली. आजोबा त्याच्या कितीतरी आधी गावी आले होते. वीस मिनिटांनी त्यांनी चोक न ओढता सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली. टाळ्या पडल्या. एकाने फोटो काढला, त्यात मी नव्हतो.

"कराडपत्तुर मीच घेतो," आजोबा म्हणाले. "मधी बंद पडली तर तुमी काय करनार?"

टेम्पो त्यांना सोडून निघूनही गेला होता. मी निमूटपणे शेजारच्या सीटवर बसलो. पहिला गियर टाकण्याआधी आजोबांचा हात माझ्या नाकासमोरून थेट डाव्या खिडकीबाहेर गेला, मीटर पाडायला. मीटर नव्हता. हात मागे आला, पण हिशेब बहुधा चालू झाला होता.

कराडला उतरल्यावर चहा पीत त्यांनी तो मिटवला. "बसून तुमी आला, चालवली म्या. भाडं ऱ्हाऊ द्या, पन चहाचं तुमीच द्या."