तीन गुंठ्यांचे जमीनदार

वैतरणेचा पूल मागे पडला की डहाणू लोकलमधल्या प्रवाशांची वर्गवारी सहज करता येते. मोबाइलमध्ये डोकं घातलेले ते पालघर-बोईसरचे नोकरदार. रिकाम्या पाट्या घेऊन दाराशी बसलेल्या त्या सकाळी मुंबईत भाजी आणि फुलं विकून परतणाऱ्या बाया. आणि मांडीवर नारळाचं रोप धरून, त्याच्या पात्याला कुणाचा धक्का लागू नये म्हणून अख्ख्या डब्याशी हुज्जत घालणारे जे सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ दिसतात, ते सफाळ्याला उतरणार. पलीकडे खिडकीशी 'हे माझ्याबरोबर नाहीत' असा चेहरा करून बसलेल्या बाई या त्यांच्या पत्नी.

यांना आपण सोयीसाठी अण्णा आणि माई म्हणू. सफाळ्याच्या बाजारात 'अहो अण्णा' अशी हाक मारली तर चार तरी टोप्या वळतील, इतकी ही जमात आता तिथं रुजली आहे. २०१३ साली लोकल विरार ओलांडून डहाणूपर्यंत धावू लागली आणि बोरिवली-दहिसरच्या ज्या मंडळींना अलिबाग परवडत नव्हतं नि कर्जतला गर्दी वाटत होती, त्यांना सफाळ्याचा शोध लागला. सफाळेकरांना सफाळं आधीपासून ठाऊक होतं, ही गोष्ट वेगळी.

अण्णा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही, ही कुळकायद्याची अट त्यांना तोंडपाठ होती. टेबलापलीकडच्या कितीतरी लोकांना त्यांनीच ती ऐकवली होती. स्वतःवर वेळ आली तेव्हा निमूटपणे बिगरशेती प्लॉट घेतला. ३ गुंठे. नव्या नवलाईत पाहुण्यांना ते '३,२६७ चौरस फूट' असं सांगत, कारण आयुष्य कार्पेट एरियात गेलेलं. दुसऱ्या वर्षी '३ गुंठे' म्हणू लागले. आता गप्पा रंगात आल्या की नुसतं 'आपली वाडी' म्हणतात. या वाडीत २ कलमी आंबे, ४ नारळ, १ चिकू, १ फणस, केळीचं एक बेट आणि उरलेल्या जागेत एक घर आहे. घर जरा आडवं येतं, अशी अण्णांची तक्रार आहे.

शेती करायला काय लागतं? अण्णांच्या मते रजिस्टर लागतं. प्रत्येक झाडाला क्रमांक आहे आणि प्रत्येक क्रमांकाला पान. 'आंबा/२' या पानावर २०२५च्या उन्हाळ्यातली नोंद अशी: 'एकूण कैऱ्या ४१. पैकी माकडे १२, वारा ९, शेजारचा मुलगा १ (चौकशी प्रलंबित). शिल्लक १९.' शेणखताची ट्रॉली आली की आवक, झावळ्या नेल्या की जावक. खर्चाच्या रकान्यांची बेरीज मात्र ते कधीच करत नाहीत. सुनेनं एकदा सहज विचारलं, "बाबा, एक आंबा कितीला पडला?" त्यावर अण्णांनी पंख्याचा रेग्युलेटर तपासायला घेतला. बोअरवेल, पंप, माकडांसाठीची जाळी आणि गड्याची मजुरी धरून त्या आंब्याची किंमत काढली, तर तो फ्रिजमध्ये न ठेवता लॉकरमध्ये ठेवावा लागेल.

माई पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या शेतीला रजिस्टर नाही. फुटकी बादली, तळ गेलेला कुकर, नातवाचा जुना टब, जे हाती लागेल त्यात माती भरायची आणि घरातल्याच मेथ्या, धणे, सुक्या मिरचीचं बी टाकायचं. वर्गावर बोलत तशाच त्या रोपांशी बोलतात. "सरळ उभा राहा, वाकू नकोस," असं टोमॅटोला बजावलं की तो बिचारा उभा राहतो. रोजची कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता यांतूनच निघतो. अण्णा या भागाला 'अनधिकृत बांधकाम' म्हणतात आणि जेवताना त्याचीच चटणी दोनदा मागून घेतात.

दोघं एकदा कोसबाडला गेली होती. अण्णा कृषी विज्ञान केंद्रात कलमं बघायला, आणि माई ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीहून आपलं बालशिक्षणाचं काम जिथं नेलं ती जागा डोळ्यांनी पाहायला. अण्णा ३ कलमं घेऊन आले. माई काहीच न घेता आल्या. पण दुसऱ्या दिवसापासून मागच्या पाड्यातली चार पोरं त्यांच्या ओट्यावर पाढे म्हणायला बसू लागली. तिन्ही कलमं मेली. पोरं टिकून आहेत.

अण्णांचं गावाशी असलेलं नातं मुख्यतः सल्ल्याचं. माकुणसार, उसरणी, केळवे या पट्ट्यात पिढ्यान्पिढ्या वाड्या करणारी माणसं आहेत. त्यांची नागवेलीची पानं पार उत्तर हिंदुस्थानात जाऊन रंगतात. अशा माणसाला गाठून अण्णा मोबाइलवर 'केळी लागवडीची शास्त्रीय पद्धत' हा व्हिडिओ दाखवतात, तोही शेवटपर्यंत. तो माणूस सभ्य असतो. "बरोबर हाय काका," म्हणतो. आणि जाता जाता अण्णांच्या केळीच्या बुंध्याशी साचलेल्या पाण्याला पायाच्या अंगठ्यानं वाट काढून देतो. अण्णांचं लक्ष तेव्हा व्हिडिओतल्या ठिबक सिंचनाकडे असतं. हवामानाचंही तसंच. अण्णा तांदुळवाडीच्या डोंगराकडे हात करून "ढग टेकलाय, दोन तासांत येतो बघा," असं सांगतात, आणि ज्याला सांगतात तो गावकरी खिशातून मोबाइल काढून रडार बघतो.

तर अशा या जोडप्यानं २०२५च्या मे महिन्याची जय्यत तयारी केली होती. मुलगा हिंजवडीहून, मुलगी कांदिवलीहून, तीन नातवंडं, जावई आणि सून असा सगळा लवाजमा येणार होता. अण्णांनी कार्यक्रमपत्रिका टाइप करून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली. सकाळी ताडगोळे, संध्याकाळी केळव्याचा समुद्र, एक दिवस तांदुळवाडीचा किल्ला, एक दिवस आंबे उतरवण्याचं प्रात्यक्षिक, आणि माईंच्या देखरेखीखाली गच्चीवर कुरडया. तळाशी 'पत्रिकेत बदल करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे' अशी टीप होती. तो अधिकार पावसानं वापरला.

मे महिन्याच्या सुरुवातीलाच वादळी वाऱ्यासह अवकाळी कोसळला. मग थांबून थांबून येत राहिला आणि अखेरीस खरा मान्सूनच दारात उभा राहिला. २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत. एरवी तो मुंबईत ११ जूनच्या सुमाराला येतो. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. कुलाब्याच्या वेधशाळेत मे महिन्याच्या पावसाचा १९१८ सालचा विक्रम मोडला. रोहिणी लागते न लागते तोच ओढे वाहू लागले. मृगाची वाट बघायला कुणी उरलंच नाही.

'आंबा/२'च्या पानावर 'वादळ १२, शिल्लक ७' अशी नोंद झाली. कुरडयांचा चीक पातेल्यातच आंबला. त्याचं काय केलं ते माईंनी सांगितलं नाही आणि त्या रात्रीची धिरडी कशाची होती ते कुणी विचारलं नाही. वीज गेली ती गेलीच. हिंजवडीचा मुलगा लॅपटॉपला 'रेंज' मिळावी म्हणून छत्री घेऊन पाण्याच्या टाकीवर बसला. बैठकीत पलीकडच्या साहेबांनी त्याला विचारलं म्हणे, "मागे बेडूक ओरडतायत का?" किल्ल्याची चढण निसरडी झाली होती, समुद्र खवळला होता.

नातवंडांना मात्र याचं काहीही दुःख नव्हतं. माईंच्या ओट्यावरच्या पाढेवाल्या पोरांनी त्यांना पहिल्याच रात्री बॅटरी घेऊन ओहोळावर नेलं आणि मुठे कसे पकडायचे ते शिकवलं. सकाळी अण्णा शेणाची स्लरी ढवळायला गेले, तर बादलीतून आठ पायांचं आणि दोन नांग्यांचं काहीतरी त्यांच्याकडे बघत होतं. हिंजवडीच्या नातवानं त्याचं नाव 'मॅनेजर' ठेवलं होतं. कार्यक्रमपत्रिकेत नसलेला हा एकमेव कार्यक्रम सगळ्या उन्हाळ्यात शंभर टक्के यशस्वी झाला.

त्याच आठवड्यात शेवळांचं प्रकरण घडलं. कुंपणालगत जमिनीतून जांभळट-तपकिरी टोकदार कोंब वर आलेले अण्णांना दिसले. मोबाइलच्या ॲपनं त्यांना कुठल्याशा विषारी वनस्पतीचं नाव दिलं. अण्णांनी हातमोजे चढवले, तोंडाला रुमाल बांधला, नातवंडांना घरात कोंडलं आणि झाडून सगळे कोंब उपटून कुंपणाबाहेर फेकले. रजिस्टरात 'घातक तण निर्मूलन, पूर्ण' अशी नोंद केली. संध्याकाळी दोघं बाजारात गेली. स्टेशनबाहेरच्या रांगेत एक आदिवासी मावशी पळसाच्या पानावर जुड्या मांडून बसली होती. माई थबकल्या. "अगंबाई, शेवळं! इतक्या लवकर?" पावसाळ्याच्या तोंडाशी मिळणारी ही रानभाजी. बाजारात आली की जाणकार भाव करत नाहीत, कारण चार दिवसांत ती संपते. माईंनी दोन जुड्या घेतल्या, बरोबर घशाची खाज मारायला काकडं घेतली. अण्णांनी पैसे मोजले. पैसे घेताना मावशी सरळपणे म्हणाली, "तुझ्याच कुंपनाभायेरची हाय, बाबा. कोनी येड्यानं उपटून टाकलेली."

अण्णांनी सुटे पैसे परत घेतले नाहीत. घरी सोडे घालून शेवळं झाली, आणि अण्णांनी ती काकडं नीट न पडल्याची तक्रार करत पोटभर खाल्ली.

मेच्या शेवटी तलाठी नुकसानीचे पंचनामे करायला गावात आल्याचं अण्णांच्या कानावर आलं. ते रजिस्टर घेऊन गेले. तिथं आधीच माणसं उभी होती. कुणाची केळी आडवी झालेली, कुणाचा पानवेलीचा मांडव बसलेला. कुणी राबासाठी पाला-पाचोळा रचून ठेवला होता तो भिजून चिप्प झाला. आता राब भाजायचा कसा आणि भाताचं रोप टाकायचं कुठं, ही चिंता. बहाडोलीकडचा एकजण सांगत होता, जांभळं तोडणीला आली आणि पाण्यानं सगळी झाडाखाली गळली. बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे. पाऊस मानांकन बघून पडत नाही. किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील कुजले होते आणि मिठागरांत रास करायच्या आधीच मीठ पाण्यात विरघळलं होतं. अण्णा रांगेत शेवटी उभे होते. रजिस्टरचं 'आंबा/२' हे पान उघडं होतं. थोड्या वेळानं त्यांनी ते मिटून काखेत मारलं. नंबर आल्यावर तलाठ्यानं विचारलं, "तुमचं काय काका?" अण्णा म्हणाले, "माझं काही नाही. अर्ज कुणाला लिहून हवेत का, ते बघायला आलो होतो."

आणि मग दुपारभर ते तिथंच बाकावर बसून अर्ज लिहीत होते. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' या सुरुवातीपासून 'कळावे' या शेवटापर्यंत, सुवाच्य अक्षरात, समासासकट. उभ्या नोकरीत ज्या भाषेनं लोकांना हेलपाटे घालायला लावले, तीच भाषा त्या दिवशी लोकांच्या बाजूनं कामाला लागली. गावानं त्यांचा एवढा एक सल्ला ऐकला आणि तो उपयोगी पडला. त्या दिवशी रजिस्टरात नोंद नाही.

राहता राहिलं पीक. अण्णांनी लावलेलं त्या उन्हाळ्यात फारसं काही आलं नाही. न लावलेला अळू मात्र न्हाणीच्या सांडपाण्यावर असा माजला की कुंपण दिसेना. माईंनी वड्या केल्या, फदफदं केलं, पुन्हा वड्या केल्या. जावई 'ऑफिसात काम निघालं' म्हणून दोन दिवस आधीच कांदिवलीला परतले. त्यांच्याही पिशवीत एक जुडी निघाली. जाताना प्रत्येकाला अळू मिळाला. मग अण्णांनी नातेवाइकांची यादी काढली आणि लोकल धरली. बोरिवलीचे व्याही, दहिसरची आतेबहीण, जुन्या ऑफिसातले शिपाई. दाराच्या भोकातून हिरवं पान दिसलं की काही घरांतले दिवे मालवले जातात, असं ऐकिवात आहे.

निवृत्त बागाईतदाराला हसू नये असं काही माझं म्हणणं नाही. भरपूर हसावं, तो स्वतः तेवढं हसवतोच. तो शेतकरी नाही. पाऊस चुकला तर त्याचं पेन्शन चुकत नाही, आणि वाडीवाल्याचं सगळं वर्ष चुकतं, हा फरक त्यालाही त्या रांगेत कळला. पण उतारवयात मुलाबाळांकडे डोळे लावून बसण्यापेक्षा 'आंबा/२'कडे डोळे लावून बसलेली माणसं घराला कमी जड होतात. मुलंही मग 'बघून येऊ या' म्हणत नाहीत, 'आंबे उतरवायला जाऊ या' म्हणतात. आंबे सातच असले तरी.

म्हणून एक विनंती. पुढच्या पावसाळ्यात एखाद्या अण्णांनी तुमची बेल वाजवली, तर दिवा मालवू नका. पिशवी घ्या, चहा टाका आणि 'यंदा आंबा कसा होता?' असं विचारा. उत्तर तासाभराचं असेल, तेवढा वेळ काढा. अळू शिजवताना चिंच मात्र सढळ हातानं घाला.