उधारी देणाऱ्याचा सत्कार

धायरीत कुणाचा जाहीर सत्कार करायचाच झाला, तर तो उधारीवर माल देणाऱ्याचा करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. मांडव उंबऱ्या गणपती चौकात घालावा; वाहतूक तिथे तशीही थांबलेलीच असते. कंपनी बुडाली की संचालकांची हुशारी आणि वकिलांचे कसब यांवर रकानेच्या रकाने भरतात. ज्याच्या भाबडेपणावर हा डोलारा उभा राहिला, त्याच्या गळ्यात मात्र साधा झेंडूचा हार पडत नाही.

नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ साली आली ती आजारी कंपनीला वाचवण्यासाठी. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने (एनसीएलटी) अर्ज दाखल करून घेतला की मोरेटोरियम लागतो. वसुली बंद, दावे बंद, जप्ती बंद. कंपनीला जरा श्वास घेता यावा, हा हेतू. कलम १० प्रमाणे कंपनी स्वतःही अर्ज करू शकते. लबाडीने केला तर १ लाखापासून १ कोटीपर्यंत दंड आहे; शंभर कोटी थकवणाऱ्याला एवढी प्रवेश फी जड वाटू नये.

दूरदृष्टीची कदरही कायद्याने केली आहे. बुडण्याआधी नात्यातल्या कंपनीचे देणे गुपचूप भागवले, तर कलम ४३ खाली मागची दोन वर्षे तपासली जातात. म्हणजे ज्याला बुडण्याची बुद्धी अडीच वर्षे आधी झाली, तो या कलमापुरता तरी सुखरूप.

बुडवणाऱ्यानेच कंपनी स्वस्तात परत घेऊ नये म्हणून २०१७ मध्ये कलम २९अ आले. पुढच्याच वर्षी लघु व मध्यम उद्योगांना त्यातल्या कळीच्या अटीतून सूट मिळाली. कारण रास्त होते: छोटा कारखाना मालकाशिवाय घेणार कोण? आता १ एप्रिल २०२५ पासून उलाढाल ५०० कोटींपर्यंत असली तरी उद्योग ‘मध्यम’च राहू शकतो. तशी नोंदणी दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाल्यावर केली तरी चालते, कंपनी सावरण्याची योजना सादर होण्याआधी केली म्हणजे झाले, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला आपण उगाच हसत आलो.

कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्या संचालकाची सोय तर २०२५ मध्ये याहून सुटसुटीत होती. त्याने स्वतःच्या नादारीचा अर्ज नुसता दाखल केला, की कुणी न्यायाधीशाने तो उघडण्याआधीच अंतरिम मोरेटोरियम लागू. एका बांधकाम कंपनीच्या मालकाला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २७ दंड केले होते. त्यांनी अशाच अंतरिम मोरेटोरियमची छत्री उघडली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मिटवली आणि ग्राहकांच्या बाजूने झालेले दंड भरावेच लागतील, असे सांगितले. कलेला राजाश्रय राहिला नाही, हेच खरे.

धायरीला हा विषय परका नाही. डीएसके विश्व ही वसाहत इथलीच. त्याच डीएसकेंची डी. एस. कुलकर्णी डेव्हलपर्स ही कंपनी २०१९ मध्ये एनसीएलटीत गेली. कायद्यातली कमाल मुदत ३३० दिवसांची. योजना मंजूर झाली २०२३ मध्ये. या दिरंगाईचे श्रेय संचालकांच्या कल्पकतेला देण्याचा मोह आवरला पाहिजे. मुख्य प्रवर्तकांना ठेवीदारांच्या तक्रारींवरून २०१८ मध्येच अटक झाली होती, आणि त्या आरोपांचा निवाडा न्यायालय करील. आपल्या परिसराला फायदा एवढाच झाला, की संध्याकाळी कट्ट्यावर बसणारे पेन्शनरही ‘आरपी’, ‘सीओसी’, ‘क्लेम’ हे शब्द गुडघेदुखीइतक्या सहजतेने बोलू लागले.

आता सत्कारमूर्तीकडे वळू. गारमाळाच्या बाजूला फॅब्रिकेशनचे शॉप चालवणारे एक काका कल्पावेत. फार कल्पनाशक्ती लागणार नाही. एका कंपनीकडे त्यांचे ११ लाख थकले. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, तो काकांना पाठ आहे आणि कंपनीलाही. स्वतः एनसीएलटीत जावे तर २०२० पासून उंबरठा १ कोटीचा. पुढे कंपनीच एनसीएलटीत गेली आणि पेपरात जाहीर नोटीस आली. काकांनी दाव्याचा फॉर्म बी भरला. चलनांवर ग्रीसची बोटे उमटलेली, खाली गेटवरच्या सिक्युरिटीचा जांभळा शिक्का. मुलीने सगळी मोबाईलवर स्कॅन करून दिली. क्लेम ‘अॅडमिट’ झाल्याचा मेल आला तेव्हा काकांनी पेढे वाटले. धनकोंच्या समितीत आपल्याला मत नाही, हे त्यांना नंतर कळले. न आलेल्या पैशांवरचा १८ टक्के जीएसटी मात्र त्यांनी केव्हाच भरला होता, तोही तारखेच्या आत.

काकांनी वाईट वाटून घेऊ नये. व्हिडिओकॉनमध्ये सुमारे ६५ हजार कोटींच्या दाव्यांपुढे २०२१ ची योजना तीन हजार कोटींच्या आतली होती, आणि तिथे रांगेत मोठमोठ्या बँका उभ्या होत्या. ती योजना पुढे अपिलात रद्द झाली, हा भाग वेगळा.

काकांच्या कंपनीची योजना मंजूर झाली आणि त्यांच्या वाट्याला शून्य आले. गेटवर नवी पाटी लागली. आत जुनेच साहेब, जुनाच पर्चेस मॅनेजर. त्याने फोन केला, “काका, जुने संबंध आहेत, ब्रॅकेटची ऑर्डर तुम्हालाच.” काका या वेळी सावध होते. नव्वद दिवसांची उधारी मुळीच देणार नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले. पंचाहत्तरवर सौदा ठरला.